नाण्यावर उजेड कुणाचा?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ सोलापुरातली ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात जुनी नाणी मुलांच्या हातांत फिरवायचे, असं संयोजकांनी मला कळवलं. म्हणून नाण्यांवर बोलायचं ठरलं. विषय मात्र मी जरा अडचणीचा घेतला आहे. नाणं समोर नाही, नुसता त्याचा फोटो आहे. अशा वेळी नाण्याची प्रत, म्हणजे संग्राहक ज्याला ग्रेड म्हणतात ती, सांगता येते का? सांगता येत असेल तर कुठपर्यंत?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची सोय होईल. फोटोवरून नाणं ओळखता येतं, फार चांगलं ओळखता येतं. त्याची झीज बऱ्यापैकी मोजता येते. पण त्याचा पृष्ठभाग कळत नाही. आणि वरच्या प्रतीच्या नाण्याला जे पैसे मोजले जातात, ते पृष्ठभागासाठीच मोजले जातात.

पण प्रतीच्या गोष्टीकडे जायच्या आधी थोडा केर काढू. प्रत सांगा म्हणून लोक मला जे फोटो पाठवतात, त्यांतल्या पुष्कळ नाण्यांना प्रतच नसते. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं 5 किंवा 10 रुपयांचं नाणं, 2012 सालचं. त्याचे लाखो रुपये येतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते नाणं सरकारनं काढलेलं आहे, खरं आहे, आणि त्याची किंमत त्याच्यावर छापलेली आहे. दुसरं म्हणजे एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व 1818 असं साल. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. तो अलीकडे बनवलेला बिल्ला आहे. अशा जाहिरातींमागे फसवणूक असते; आधी 'नोंदणी शुल्क' मागतात आणि मग फोन बंद होतो. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरलं जाऊ लागलं, तेव्हा ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं की या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कुणाला अधिकार दिलेले नाहीत. एवढं पुरे. केर निघाला.

आता प्रत म्हणजे काय?

आपल्याकडे नाण्याची पारख ही काही नवी विद्या नाही. सराफ आणि पोतदार हेच काम करत आले. रुपया दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकायचा, काट्यावर घालून वजन पाहायचं, शंका आली तर कस लावायचा, आणि झिजलेल्या किंवा परक्या नाण्यावर बट्टा कापायचा. सोलापूरच्या माणसाला हे जरा जास्तच ठाऊक असणार, कारण चलनाची सरहद्द त्याच्या दारातून जात होती. इथे इंग्रजांचा कलदार रुपया, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलात की निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशोब. दोन्ही रुपये चांदीचेच, पण हाली वजनाला आणि चांदीच्या कसाला कमी. देवीला निघालेल्या माणसाला हा हिशोब तोंडपाठ असावा लागे.

इंग्रज सरकारही आपल्या परीनं प्रत लावत होतंच. कलदार रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 180 ग्रेन, आजच्या मापात 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. कायद्यानं ठरवलेल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक झिजलेला रुपया पूर्ण किमतीचा धरायचा नाही, असा नियम होता. शेकडा दोन म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही कमी. तेवढी झीज डोळ्यांना दिसतेच असं नाही. म्हणून काटा.

थोडक्यात, जुन्या पारखीत कान होता, हात होता, काटा होता आणि डोळा होता. फोटोनं यांतले तीन काढून घेतले. उरला डोळा, आणि तोही आपला नाही. कारण नाण्याकडे कुठून पाहायचं, किती उजेडात पाहायचं, हे फोटो काढणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आज जगभर चालणारी आकड्यांची पट्टी 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थानं मांडली. एक ते सत्तर. ती त्यानं मांडली होती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, आणि कल्पना अशी की सत्तर प्रतीचं नाणं एक प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचं गणित लवकरच कोलमडलं, पट्टी मात्र राहिली. 1986 आणि 1987 साली अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून, आकडा घालून, प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. आपल्याकडचे संग्राहकही आता आपले रुपये तिकडे पाठवतात. बारा-पंधरा म्हणजे फाइन, वीस ते पस्तीस व्हेरी फाइन, चाळीस-पंचेचाळीस एक्सएफ, म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, पन्नास ते अठ्ठावन्न एयू, म्हणजे जवळजवळ न फिरलेलं, आणि साठच्या पुढे यूएनसी, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. या शिडीत नुसतं 'गुड' म्हटलेलं नाणं जवळजवळ तळाला असतं, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावं. विकणारा 'गुड कंडिशन' म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो, पण ऐकणारा भलतंच ऐकतो.

या शिडीच्या खालच्या पायऱ्या झिजेच्या आहेत आणि फोटोत झीज दिसते. नाण्यावरचा जो भाग सगळ्यांत उंच, तो आधी घासला जातो. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाखालचे केस आणि पोशाखावरचं नक्षीकाम पाहा. एडवर्ड सातवा बोडका आहे, मुकुट नाही, त्यामुळे त्याच्या कानावरचे केस लवकर सपाट होतात. 1903 ते 1910 मधले त्याचे रुपये चांगल्या प्रतीत मिळायला कठीण जातात त्याचं हे एक कारण. पंचम जॉर्जची मिशी, भुवई, मुकुट, आणि झग्यावरचा तो हत्ती. हत्ती म्हटलं की 1911 चा रुपया आठवतो. त्या वर्षीच्या ठशात हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, रुपये परत घेतले, बहुतेक वितळवले आणि 1912 साली हत्ती सुधारून घेतला. त्या 'डुकरा'च्या रुपयाची ओळख फोटोवरून पटते. कारण तिथे प्रश्न सालाचा आणि सोंडेचा आहे.

पण इथेच पहिला खड्डा. सपाट दिसणारी प्रत्येक जागा झिजलेलीच असते का? नाही. कधीकधी टांकसाळीत ठसाच नीट बसलेला नसतो. ठशाच्या खोल जागेत धातू पोचलेलाच नसतो. असं नाणं कधी कुणाच्या खिशात गेलं नसलं तरी चेहऱ्यावर सपाट दिसतं. फोटोत दोन्ही सारखीच. मग ओळखायचं कसं? नाणं उलटून नेमक्या त्याच जागेची मागची बाजू पाहायची. दोन्हीकडच्या खोल भागांना धातू एकाच चकतीतून मिळतो. एकीकडे कमी पडला की बहुधा दुसरीकडेही त्याची खूण सापडते. म्हणून एकाच बाजूचा फोटो पाठवून प्रत विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये. मी देत नाही.

शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर प्रश्न झिजेचा राहत नाही, झळाळीचा होतो. नवा रुपया ठशाखाली दाबला जातो तेव्हा धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर फार बारीक रेषा उमटतात. नाणं हातात घेऊन दिव्याखाली फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचे दोन पट्टे गोल फिरतात. हीच मूळ झळाळी. ती उंच भागावर जराशी तुटली असेल तर नाणं एयू, अखंड असेल तर यूएनसी. किमतीत फरक कधी दुप्पट, कधी त्याहून बराच. आणि हा फरक कशात? प्रकाश फिरताना कसा दिसतो यात. स्थिर फोटोत प्रकाश फिरत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर सगळी किंमत ठरणार, ती गोष्ट फोटो काढतानाच गेलेली असते.

बरं, फोटो नुसता काही गोष्टी लपवतो असं नाही. तो नसलेल्या गोष्टी दाखवतोही. चांदीचा रुपया काळ्या कापडावर ठेवून मोबाइलनं फोटो काढा. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि रुपया पांढराशुभ्र, नवाकोरा दिसतो. त्यावरचे सगळे चरे त्या पांढरेपणात विरघळून जातात. तोच रुपया पांढऱ्या कागदावर ठेवा; आता कॅमेरा उजेड कमी करतो आणि रुपया उगीचच काळवंडतो. दिवा एका बाजूनं खाली धरला तर अक्षरं ठसठशीत उठतात, एक्सएफ नाणं एयू वाटायला लागतं. पण साध्या ओरखड्याचीही दरी होते. दिव्यासमोर पातळ कागद धरून उजेड पसरवला तर सगळं मऊ, गुळगुळीत, निष्पाप. शिवाय आताचे मोबाइल स्वतःच फोटोला धार लावतात, कडा गडद करतात. म्हणजे राणीच्या केसाची जी बट झिजून अर्धी झाली होती, ती मोबाइल आपल्या मनानं रेखून देतो. जुने लोक स्कॅनरवर नाणी ठेवायचे. त्यात झळाळी मरते, पण निदान तो कुणाची बाजू घेत नसे.

सोलापूरचा माणूस चादर फोटोवरून घेतो का? तो घडी मोडतो, उलटून पाहतो, चिमटीत धरून पोत बघतो. मग चादरीच्या कितीतरी पट दामाच्या रुपयाला एवढीही चौकशी नको?

आता जरा आपल्या घरातल्या नाण्यांकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्याकडे व्हिक्टोरियाचे, एडवर्डचे, जॉर्जचे रुपये सगळ्यांत जास्त कुठे टिकले? संग्राहकांच्या पेटीत नव्हे. ते टिकले देवघरात आणि दागिन्यात. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये ताटात मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, आणि पुढच्या दिवाळीआधी ते रांगोळीनं किंवा राखेनं घासून लखलखीत करायचे. शंभर वर्षं, दर वर्षी, किती प्रेमानं! या रुपयांनी बाजार पाहिलेला नसतो, त्यामुळे केस शाबूत, मिशी शाबूत, हत्ती शाबूत. फोटोत ते यूएनसी दिसतात. हातात घेतले की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चऱ्यांचं जाळं दिसतं, आणि अक्षरांच्या खाचेत कुंकवाचा लालसर कण अडकलेला असतो. प्रत लावणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देत नाहीत. तपशील चांगला पण नाणं घासलेलं, असा शेरा मारून परत पाठवतात. घरच्यांना ते अपमानासारखं वाटतं. मी त्यांना सांगतो, तो रुपया पूजेचा आहे, पूजेतच ठेवा. विकण्यासाठी तो फक्त चांदीच्या भावाचा, फार तर थोडा वर.

दागिन्याचं नाणं आणखी फसवं. रुपयाला कडी लावून गळ्यातल्या माळेत ओवायची चाल खेड्यापाड्यांत होती. आपल्या भागातल्या बंजारा तांड्यांवरच्या दागिन्यांत तर नाणी हमखास असतात. पुढे कधीतरी कडी काढतात, डागाची जागा घासून सारखी करतात आणि नाणं बाजारात येतं. समोरून फोटो घेतला तर काही म्हणजे काही दिसत नाही. खूण असते कडेवर: बारा वाजण्याच्या जागी कडेच्या उभ्या खाचा पुसलेल्या, थोडी जागा जास्त चकचकीत. पण कडेचा फोटो कोण काढतं? मी हजारो फोटो पाहिले असतील. न मागता कडेचा फोटो पाठवणारा माणूस विरळाच. ज्यानं पाठवला त्याच्याकडून डोळे झाकून घ्यावं, असं म्हणायचा मोह होतो.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी बनलेली ही शिडी आपल्या मराठी नाण्यांना लावायची का, हा मात्र वेगळा वाद आहे आणि त्यात माझं मत ठाम आहे. शिवराई घ्या. 1674 सालच्या राज्याभिषेकानंतर रायगडावरून सुरू झालेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही वेगवेगळ्या ठिकाणी त्या पाडल्या गेल्या. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली ती दुदांडी. ही सगळी हातोड्याच्या घावानं पाडलेली नाणी. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि घाव कुठे बसेल ते मारणाऱ्याच्या हातावर. त्यामुळे कुणाचा 'छ' चकतीबाहेर गेला, कुणाचा 'श्री' अर्धा राहिला, ठिपके तर एखाद्याच बाजूला दिसतात. अशा नाण्यावर झीज मोजून चाळीस की पंचेचाळीस हा काथ्याकूट व्यर्थ आहे. शिवराईचा संग्राहक विचारतो: अक्षरं किती आली? मध्यावर आली का? ठिपके आहेत का? अक्षरांची घडण कोणत्या जातीची? आणि ही सगळी उत्तरं फोटोत मिळतात! म्हणून माझं म्हणणं असं की तांब्याची शिवराई फोटोवरून बऱ्यापैकी जोखता येते, चांदीचा कलदार येत नाही. लोक नेमकं उलट समजतात.

एकच सावधगिरी. तांब्यावर तीनशे वर्षांत जो तपकिरी राप चढतो तोच त्याचं कवच आणि तोच त्याचा पुरावा. चिंच-लिंबानं तो काढला की शिवराई गुलाबी-नारिंगी, नागडी दिसते. फोटोत रंग बदलता येतो, त्यामुळे शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून फोटो मागावा. कागद पिवळा दिसला तर नाण्याचा रंगही खोटा.

शिवराईसारखीच गोष्ट आपल्या गावाच्या रुपयाची. औरंगजेबाच्या दख्खनमधल्या टांकसाळींत सोलापूरची टांकसाळ होती, हे इथे बसलेल्या किती जणांना माहीत आहे? तोच औरंगजेब ज्यानं आपल्याच जिल्ह्यात, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, वर्षानुवर्षं छावणी टाकली होती. त्या टांकसाळीच्या रुपयावर फारसी लिपीत गावाचं नाव असतं, पण ठसा सरकल्यामुळे अनेक नाण्यांवर ते अर्धंच उमटलेलं असतं. तिथे प्रतीपेक्षा नाव महत्त्वाचं. नाव पूर्ण असलेला झिजका रुपया मी नाव नसलेल्या चकचकीत रुपयाच्या आधी उचलीन. आणि नाव आहे की नाही, हे फोटोत दिसतंच.

मग फोटोवरून घ्यायचंच असेल तर काय मागावं? दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येकी दोन, दिव्याची जागा बदलून. कडेचा फोटो. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, आकडा दिसेल असा. कलदाराचा आकडा साडेअकराच्या बराच खाली असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. नाणं प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून घेतलेले फोटो, कारण पाकिटावरचे चरे कुठले आणि नाण्यावरचे कुठले हे सांगता येत नाही. आणि नाणं बोटांत धरून हळूहळू कलतं करतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. झळाळी असेल तर ती त्यात फिरताना दिसेल. डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत स्वतः तपासावा, कारण डब्याही बनावट निघतात. हे सगळं मिळूनही मी चांदीच्या रुपयाला फोटोवरून एक्सएफच्या वरची प्रत देत नाही. आकडा एक सांगत नाही, पल्ला सांगतो, आणि पैसे पल्ल्याच्या खालच्या टोकाचे. विकणारे रुसतात. रुसू देत.

शेल्डनकडे पुन्हा एकदा जातो, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली. हा गृहस्थ धंद्यानं मानसशास्त्रज्ञ. माणसांचे फोटो काढून, त्यांच्या शरीराची ठेवण मोजून, त्यावरून स्वभाव सांगता येतो असा त्याचा दावा होता. त्याची माणसांची पट्टी शास्त्रानं केव्हाच टाकून दिली. नाण्यांची चालू आहे. पण पुढचा भाग जास्त बोलका आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहात त्याला मुक्त प्रवेश होता. तिथली उत्तम प्रतीची सेंट नाणी त्यानं काढून घेतली आणि त्यांच्या जागी त्याच जातीची हलकी नाणी ठेवली. तो 1977 साली वारला. ही अदलाबदल पुढे सिद्ध झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आणि ती कशानं सिद्ध झाली? दान मिळालेल्या त्या नाण्यांच्या जुन्या छायाचित्रांनी. प्रत्येक नाण्यावर एखादा टोचा, एखादी चीर, कडेजवळचा एखादा डाग असतो. तो दुसऱ्या कुठल्याही नाण्यावर नेमका तसाच असत नाही. फोटोतलं नाणं आणि कप्प्यातलं नाणं एक नाही, हे फोटोनं दाखवून दिलं.

तेव्हा फोटोचं खरं काम कुठलं ते आपल्याला कळतं. संग्रहालयांनी, देवस्थानांनी, आणि घरी चार जुनी नाणी असलेल्या प्रत्येकानं आपल्या नाण्यांचे फोटो काढून, वजन लिहून ठेवावं. विकण्यासाठी नव्हे. उद्या चोरी झाली तर 'चांदीचे जुने रुपये' एवढ्या वर्णनावर पोलिसांनी काय शोधायचं?

आणि शेतात किंवा वाड्याचा पाया खणताना नाण्यांचं मडकं लागलं तर? 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात, ती परदेशी पाठवता येत नाहीत. असं काही सापडलं तर आधी जागेवर, मडक्यासकट, मातीसकट फोटो काढा. मग कळवा. धुऊ नका, घासू नका, एकमेकांपासून सोडवू नका. कुठलं नाणं तळाला होतं आणि कुठलं वर, यावरून तो ठेवा एकदम पुरला की हळूहळू साठवला हे अभ्यासकाला सांगता येऊ शकतं, आणि मडकं एकदा पालथं केलं की ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. कुणी प्रत्यक्ष नाणी आणली असतील तर पुढे या. टेबलावर दिवा आहे, भिंग आहे, काटाही आहे.